चौकशी अहवालावरची माझी सही

माझी मुलगी अमेरिकेत जन्मली. तेव्हा मी तिथे दोन वर्षांच्या एका प्रोजेक्टवर होतो. पुढे आम्ही सौदीत आलो, राबिघच्या रिफायनरीत मला इन्स्ट्रुमेंटेशनचं, म्हणजे मोजणाऱ्या यंत्रांचं, काम मिळालं आणि तिच्या अमेरिकन पासपोर्टचा विषय मागे पडला. बारावीच्या वर्षी तिने तो विषय पुन्हा काढला. कॉलेजला अमेरिकेतच जायचं, असं तिने ठरवलं होतं. त्यासाठी ती तिथल्या एका शाळेचा ऑनलाइन कोर्स करत होती, आणि त्यात अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेचा विषय सक्तीचा होता.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दुपारी जेवणं झाली की ती डायनिंग टेबलवर पुस्तक पसरून बसायची. मी समोर. पुण्यात शाळेत असताना नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पेपरला शेवटी चिकटवलेले काही मार्क, एवढीच माझी समजूत. कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ हे तीन शब्द मी पाठ केले होते. ते तीन वेगळे का ठेवले, हे कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

मुलीने मात्र ते मला फार सोप्या भाषेत समजावलं. "बाबा, संविधान लिहिणाऱ्यांचा कोणावरच ट्रस्ट नव्हता. नॉट ईव्हन देमसेल्व्हज. म्हणून नियम करणारा एक, तो राबवणारा दुसरा आणि चुकलं का ते बघणारा तिसरा. तिघंही एकमेकांना अडवू शकतात."

"मग कामं कशी होतात?"

"स्लो होतात. मुद्दामच."

मला ते पटलं नाही. चाळीस दिवसांत अख्खं युनिट बंद करून, उघडून, दुरुस्त करून पुन्हा चालू करणाऱ्या माणसांत मी वाढलो. तिथे अडवणारा माणूस म्हणजे कामचुकार. मी तसं म्हणालो. तिने पान उलटलं आणि पुढची गोष्ट सांगितली: तिथे राष्ट्राध्यक्ष शपथ घेतो ती संविधानाची, कुठल्या माणसाशी इमान राखण्याची नाही. आणि तोही कायद्याच्या खालीच. ही कल्पना मला आवडली, पण लांबच्या एखाद्या गोष्टीसारखी.

मार्चमध्ये आमच्याकडे शटडाऊन, म्हणजे युनिट बंद ठेवून करायची दुरुस्ती, सुरू झालं. कंत्राटदाराकडे एक फिटर होता, रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावचा कोकणी मुसलमान, पन्नाशीचा. बारा वर्षं तो या किनाऱ्यावर काम करत होता. साइटवर मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे मी त्याला भाई म्हणायचो आणि तो मला साहेब. सुरमई चांगली आली की मला निरोप द्यायचा. आईचा फोन आला की मला हात करून बाजूला जायचा आणि पाठ वळवून बोलायचा. तो सावध माणूस होता. हेल्मेटचा पट्टा नसेल तर शिडीवर पाय ठेवायचा नाही.

एका सकाळी त्याला एका उभ्या टाकीत उतरवलं. टाकीत नायट्रोजन भरून ठेवला होता. त्याला वास नसतो, रंग नसतो. आत हवा आहे असंच वाटतं. दोन श्वासांत माणूस खाली बसतो. भाईला बाहेर काढलं तेव्हा त्याचा एक हातमोजा हातात होता आणि दुसरा आत राहिला होता. मी पोचलो तोवर त्याच्यावर कोणीतरी निळी ताडपत्री टाकली होती.

कोणी टाकीत उतरण्याआधी गॅस मीटरने आतला ऑक्सिजन मोजायचा आणि आकडा वर्क परमिटवर, म्हणजे त्या कामाच्या परवान्यावर, लिहायचा, हा नियम. परमिटवर आकडा होता. सकाळी सात दहा, वीस पूर्णांक नऊ टक्के. अगदी मोकळ्या हवेत येतो तसा. सगळे मीटर आमच्या वर्कशॉपमध्ये तपासायला येतात आणि प्रत्येक मीटर आपली नोंद आत साठवून ठेवतो. त्या दिवशी दुपारी मी तो मीटर कॉम्प्युटरला लावला. त्या सकाळी मीटर पहिल्यांदा सुरू झाला तो नऊ चाळीसला. म्हणजे माणसाला बाहेर काढल्यावर.

कंपनीने चौकशी समिती नेमली. तिचा अध्यक्ष शटडाऊन मॅनेजर. टाकीत उतरण्याची पद्धत लिहून काढली होती ती त्यानेच. काम दोन दिवस आधी संपवा, असं आदल्या दिवशी सांगितलं होतं तेही त्यानेच. आता चूक कोणाची, हे तोच ठरवणार होता. समितीत आम्ही चौघं होतो. मीटरबद्दल सांगायला मला घेतलं होतं.

तो आपल्याच देशाचा, हिंदीत बोलणारा, वागायला गोड माणूस. मी छापून आणलेला मीटरचा कागद त्याने पूर्ण वाचला. मग घडी घालून मला परत दिला.

"सर, ये रहने दीजिए. मीटर की घड़ी ग़लत भी हो सकती है."

"घड़ी मैंने चेक की है," मी म्हणालो.

त्याने समोरची फाइल उघडली. मग म्हणाला, "बिटिया इसी साल जा रही है ना? और आपका इकामा भी रिन्यू होना है. सब काग़ज़ टाइम पे हो जाएँ, बस."

इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना; तो आणि मुलीचे देश सोडायचे कागद, दोन्ही कंपनीमार्फतच होतात. आवाज चढलेला नव्हता. धमकी होती असं मी कोणाला सिद्ध करून दाखवू शकत नाही. त्याने आधीच तयार असलेला अहवाल पुढे सरकवला: परमिट शेजारच्या टाकीचं होतं, तिथली गॅस टेस्ट झाली होती, कामगार परवानगीशिवाय चुकीच्या टाकीत शिरला. खाली चार नावं होती. तिघांच्या सह्या झालेल्या होत्या. मी पेन काढलं आणि सही केली. त्याने चहा मागवला आणि मी तो प्यालो.

त्या आठवड्यात भाईला तिथेच दफन केलं. मी कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर, गाडीजवळ उभा राहिलो.

पुढच्या शुक्रवारी मुलगी पुस्तक घेऊन बसली. परीक्षा जवळ आली होती. बायको ओट्यावर कणीक मळत होती. मी मुलीला म्हणालो, "एक उदाहरण देतो. पुस्तकातलं समज." आणि जागा, माणसं बदलून सगळं सांगितलं. एकच माणूस नियम करतो, राबवतो, न्यायही करतो. एक माणूस मरतो. खरं काय ते एका कागदावर आहे. कोण अडवणार?

ती पेन्सिल चावत विचार करत होती. "ज्याच्याकडे कागद आहे तो," ती म्हणाली. "तिथे दुसरा चेक, अडवणारा, नाहीच ना. ही इज द चेक."

मग तिने माझ्याकडे बघितलं. ती सतरा वर्षांची होती, मूर्ख नव्हती. "बाबा, हे पुस्तकातलं नाहीये ना?"

बायकोचे हात थांबले. मुलीने पुस्तक मिटलं आणि आत गेली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती दोन दिवस माझ्याशी नीट, सभ्यपणे बोलत राहिली, पाहुण्याशी बोलावं तसं.

"माझ्यासाठी केलंत?" तिसऱ्या दिवशी तिने विचारलं.

"हो."

"मला विचारलं नाहीत."

त्यानंतर पंधरा दिवसांनी मयताचा धाकटा भाऊ जेद्दाहून आला. तो तिथे कापडाच्या दुकानात कामाला होता. अहवालाची प्रत त्याला मिळाली होती. आमच्या सोफ्यावर अगदी कडेला बसून तो म्हणाला, "साहेब, माझा भाऊ असा करणारा नव्हता. आई रोज इचारते, तो न सांगता आत गेला कशाला? मी काय सांगू तिला? ह्यातला तेवढा 'परवानगीशिवाय' हा एक शब्द काढता येल काय?"

मी आतून मीटरचा कागद आणला. सगळं सांगितलं, माझी सही धरून. तो ऐकत असताना मी त्याच्या तोंडाकडे बघू शकलो नाही. बायकोने आणलेलं सरबत तसंच राहिलं.

त्याने कागद खूप वेळ धरून ठेवला. मग विचारलं, "ह्यो मी कोणाला दाखवू?"

लेबर ऑफिस होतं. कोर्टही होतं. पण तिथे पहिल्यांदा अहवाल उघडला गेला असता, आणि त्यावर मीटरच्या तज्ज्ञाची, म्हणजे माझीच, सही होती. मी म्हणालो, "तू गेलास तर मी येईन. सही खोटी होती असं सांगेन."

त्याने नाही अशी मान हलवली. "माझा कफील, ज्याच्या नावावर माझा व्हिसा हाय, तो मग मला इथे ठेवील काय? घरात सात माणसं हाईत, साहेब." तो उठला. कागद त्याने सदऱ्याच्या खिशात ठेवला. दारात चपला घालताना म्हणाला, "आईला वाचून दाखवायला होईल." शिव्या दिल्या नाहीत. हात मात्र मिळवला नाही.

महिन्याभराने त्याचा एक मेसेज आला. गावातल्या मास्तरांनी आईला कागद वाचून दाखवला होता, तीनदा. त्याने एवढंच लिहिलं होतं. मी उत्तर लिहायला घेतलं आणि दोन-तीन वाक्यं खोडून फोन ठेवून दिला.

मी एकटा पुढे जाऊ शकलो असतो. सही मागे घेतो, असं पत्र लिहून देता आलं असतं. ते लिहिलंही, ऑफिसच्या कपाटात ठेवलं. मुलीचे कागद होईपर्यंत थांबू म्हटलं. मग इकामा होईपर्यंत. ऑगस्टमध्ये मुलगी गेली. विमानतळावर आईला घट्ट मिठी मारली, मला वाकून नमस्कार केला. आता फोनवर ती अभ्यासाचं सांगते, हवेचं सांगते. त्या विषयावर आम्ही कोणीच येत नाही.

हिवाळ्यात पंप हाऊसमध्ये छोटी आग लागली. कोणाला इजा झाली नाही. पुन्हा समिती, पुन्हा तोच अध्यक्ष, आणि यादीत माझं नाव. मी त्याच्या खोलीत जाऊन सांगितलं, "मैं नहीं बैठूँगा."

त्याने कारणही विचारलं नाही. "नो प्रॉब्लेम, सर," म्हणाला, माझ्या नावावर रेघ मारली आणि तिथे उभ्या उभ्याच दुसरं नाव लिहिलं.