श्रावणातली कोलंबी

मासे विकणाऱ्या माणसाने मला मासे द्यायला नकार दिला. बोरिवली स्टेशनजवळचं त्याचं दुकान. दोन फुटी काचेची टाकी, खडी, फिल्टर, सगळं घेऊन झालं आणि मी म्हटलं, आता चार मासे द्या. तो म्हणाला, "मॅडम, आज नेलेत तर आठ दिवसांत मरतील. आधी महिनाभर टाकी नुसती चालवा." माझ्याकडे जेमतेम तेवढेच दिवस होते. गणपती झाले की ऑफिसने घरून काम करणाऱ्या सगळ्यांना अंधेरीला परत बोलावलं होतं, आणि त्याआधी आईला घरात एकटं राहायची सवय लावायची होती. मासे त्यासाठीच हवे होते.

आई दिवाळीनंतर मोरीत पडली. मी ऑफिसात होते. खुब्याचं हाड मोडून ती संध्याकाळपर्यंत ओल्या लादीवर पडून होती आणि माझे फोन हॉलमध्ये वाजत होते. ऑपरेशन झालं, वॉकर आला, मी घरून काम करायची परवानगी काढली. तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या वन बीएचकेत आम्ही दोघी. हात धरल्याशिवाय तिला उभं राहता येत नव्हतं. बाथरूमला जायचं, हाक. पाणी हवं, हाक. टीव्हीचा आवाज कमी करायचा, तरी हाक. मीटिंगमध्ये माइक बंद करून मी धावायचे. खोटं कशाला सांगू, कधीकधी हाक ऐकू येऊनही दोन मिनिटं तशीच बसून राहायचे. बाहेर जायचं म्हणजे वाण्याकडे, नाहीतर औषधांच्या दुकानात, आणि तासाच्या आत परत. चव्वेचाळीस वर्षांची घोडी मी, पण घड्याळ बघत जिने चढायचे. मला त्या घराचा वीट आला होता आणि वीट आला म्हणून लाजही वाटत होती.

उन्हाळ्यात कधीतरी तीच म्हणाली होती, "घरात कायतरी हलता-फिरता असला तर रवान मी एकटी." मी तो शब्द धरून ठेवला. मांजर नको, केस गळतात. पोपट नको, कटकट करतो. राहिले मासे. मालवणी बाईला माशांची सोबत चालायला काय हरकत आहे, असं मी म्हटल्यावर ती हसलीसुद्धा.

दुकानदाराने मला सगळं नीट समजावलं होतं. माशांच्या घाणीने पाणी विषारी होतं. ते विष खाणारे जंतू आधी फिल्टरच्या स्पंजात वाढवावे लागतात, आणि जंतूंना खायला मिळावं म्हणून टाकीत काहीतरी कुजवायचं. रोज चिमूटभर माशांचं खाणं टाका, नाहीतर एखादी कच्ची कोलंबी टाका. आषाढातला शेवटचा रविवार होता, गटारीची कोलंबी आणून मी निवडतच बसले होते. त्यातल्या दोन जुन्या ओढणीच्या तुकड्यात बांधल्या आणि सोडल्या पाण्यात. नळाचं पाणी दोन दिवस बादल्यांत उघडं ठेवून मग भरलेलं, खडी सात पाण्यांनी धुतलेली. मी स्वतःवर खूश होते.

मालवणी घरात जन्मून मी श्रावण विसरले.

चार दिवसांत श्रावण लागला. पाणी दुधट झालं, वास सुटला. आई नाकाला पदर लावून म्हणाली, "श्रावणात घरात सुंगटा कुजत ठेवूक बरा दिसता?" मी म्हटलं, अगं, खायची आहे का ती? पाण्यात आहे, जंतूंसाठी आहे. ती देव्हाऱ्याकडे बघत वाती वळू लागली. मला वाटलं, पटलं.

मी मात्र त्या रिकाम्या टाकीत जीव गुंतवून बसले. रोज सकाळी काचनळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. पाणी हिरवं झालं की विष आहे, पिवळं राहिलं की नाही. दोन आठवडे गडद हिरवं. मग एक दिवस जरा फिकं वाटलं. दुसऱ्या दिवशी आणखी फिकं. खिडकीशी नळी धरून मी चक्क रडले. अजून दहा-बारा दिवस, आणि मी सकाळी साडी नेसून, डबा घेऊन, कुणाच्याही हाकेशिवाय जिना उतरणार होते.

तिसऱ्या सोमवारी बँकेत खोळंबा झाला. दीड तासाने घरी आले तर कोलंबीचा वास नव्हता. फिनेलचा होता. टाकी रिकामी, काचा लखलखीत, फिल्टरचा प्लग काढलेला, खडी परातीत धुऊन ठेवलेली. स्पंज साबणाने पांढराशुभ्र करून गॅलरीतल्या दोरीला चिमट्याने टांगला होता. तीन आठवडे जपलेले जंतू मोरीवाटे गेले होते.

आई गळ्यापर्यंत चादर ओढून पलंगावर पडली होती. वॉकर नेहमीच्या जागी, माझ्या खोलीत; मी आणून दिल्याशिवाय तो तिच्या हाताला लागत नसे.

मी ओरडायला तोंड उघडलं आणि दोरीकडे पुन्हा पाहिलं. ती दोरी मलाही टाचा उंचावल्याशिवाय हाताला लागत नाही. टाकी ते मोरी दहा पावलं. दोन हातांत दोन तांबे म्हटले तरी एवढं पाणी काढायचं म्हणजे पंचवीस-तीस खेपा.

"तुला चालता येतं?"

ती छताकडे बघत म्हणाली, "येता."

"कधीपासून?"

"शिमग्यापासून."

पाच महिने. पाच महिने मी तिला हात धरून बाथरूमला नेत होते. मी काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. माझं आयुष्य खाल्लंस, एवढं नक्की बोलले, आणि ते शेजारी ऐकू गेलं असणार. ती उठून बसली, एकटी, सहज. म्हणाली, "चलाक लागलंय म्हणून सांगितला असता, तर तू दुसऱ्याच दिवशी गेली असतंस." आणि मग हळू म्हणाली, "माका भ्या वाटता गो. दार लागला की माका ती लादी आठवता."

मी टाकीजवळच्या स्टुलावर बसले. हाड मोडलेलं होतं तोवर डॉक्टर तारखा देत होते, आणि मी त्या तारखांवर दिवस काढत होते. या भीतीला तारीख नव्हती. तिला चालता येतंय हे कळल्यावर मी मोकळी व्हायला हवं होतं. उलट बाहेरचं दार मला त्या दिवशी जितकं लांब वाटलं तितकं आधी कधीच वाटलं नव्हतं.

संध्याकाळी ऑफिसातून मेसेज आला. आईची तब्येत कशी आहे, गणपतीनंतर तुम्हाला धरायचं ना? आई स्वयंपाकघरात होती. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून स्वतःच सोमवारच्या साबुदाण्याला फोडणी देत होती, आणि झारा ठेवून मधेमधे दारात येऊन मी आहे ना, ते पाहून जात होती.

मी उत्तर लिहिलं: आईला अजून चालता येत नाही.