भावजींचा मेळ

माणसांच्या गर्दीला इतका भिणारा आणि पाखरांच्या गर्दीसाठी इतका तळमळणारा गृहस्थ, आमच्या भावजींखेरीज, अख्ख्या डिचोली तालुक्यात सापडणार नाही. माझ्या बहिणीचे हे यजमान लग्नाच्या पंगतीला बसले, तर दुसऱ्यांदा भात येण्याआधी मागच्या दाराने पसार होत. शिगम्याचा मेळ अंगणात आला, की ढोल दूर जाईपर्यंत न्हाणीघरात दडत. मात्र थंडीतल्या सकाळी डोंगरावरच्या रानात एका दगडावर ते तासन्‌तास बसत, कारण तिथूनही एक मेळच जायचा: नाना जातींच्या पाखरांचा, एकत्र चरत निघालेला. मी तोंड उघडले, की हळूच दटावत, "गप रव रे. मेळ येता."

पुढे कोण, मागे कोण, हे ते पुरोहिताच्या गांभीर्याने सांगत. करडी, बडबडी पाखरे पुढे, शेंड्यांवर लाल-पिवळे निखार, खोडांवर सुतार, आणि लांब शेपटीचा भृंगराज पहाऱ्याला. शिकारी शिक्रा दिसला की भृंगराज ओरडे, आणि सारे पानांत गोठून जात. कधी शिक्रा नसतानाही ओरडे, आणि घाबरलेल्या सुताराच्या चोचीतला किडा पळवी.

"तरी ह्याचेच ऐकतात?" मी विचारले होते.

"ऐकतलेच मरे. खरां असला तर?"

गेल्या थंडीत गुडघे पार थकल्यामुळे त्यांनी पुण्याला मुलीकडे कायमचे जायचे ठरवले. एकदा शेवटचा मेळ पाहायचा, म्हणून मी त्यांना आधार देत वर नेले. दुपार झाली तरी रान मुके. घरी ताईने इसवण माशाचे आंबट-तिखट हुमण केले होते, आणि माझा धीर सुटला.

"फोन आला होता," मी म्हणालो, "ताईला घेरी येते आहे."

वाटले होते, कुरकुरतील. ते लगेच उठले. माझ्या खांद्यावर हात टाकून असे उतरू लागले, की धाप मलाच लागली. "तिका पाणी दिलां कोणी?" एवढेच त्यांनी विचारले.

आणि मागून मेळ आला. आधी पानापानांत बारीक किणकिण. मग निखारांचे नर, विस्तव उधळावा तसे. त्यांच्यामागून हिरवे, निळे, करडे, कोणी कोणाला न ढकलता. साऱ्या रानालाच पाय फुटून ते आमच्यावरून चालले आहे, असे वाटले. इतक्या वर्षांत मी मान वर करून खरोखर पाहिले, ते त्या दिवशी. भावजींनी मात्र पायवाटेवरची नजर काढली नाही. त्यांना सारे ऐकू येत होते; माझ्या खांद्यात रुतलेल्या बोटांवरून मला ते कळत होते.

मेळ अजून डोक्यावर होता. मी थांबलो.

"भावजी," मी म्हणालो, "ताई बरी आहे. मी खोटे बोललो. माझे चुकले. आधी वर पाहा. क्षमा मग करा."