मागची काच

बुधवार आणि शनिवार आमच्या घरात डायलिसिसचे. आबांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा त्यांना मुरगूडहून कोल्हापूरला न्यायचं, चार तास मशीनवर ठेवायचं आणि परत आणायचं, हे काम माझं. आई आधीच गेलेली, घरात आम्ही बापलेक दोघंच. मी गावातल्या शाळेत शिकवते. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे गावाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. गाडी पंधरा-सोळा वर्षांची, पेट्रोलची, कुणीतरी वापरून विकलेली. ती चालली तर आबा मशीनपर्यंत पोचणार, नाहीतर नाही.

आबा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. शेजारी बसले की त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधायचा आणि तोंड चालू व्हायचं. "अगं गेर बदल की. लोड घेतीया बघ ती." मी आधीच तापट. एकदा भर रस्त्यात गाडी उभी करून म्हटलं, "आबा, तुम्ही चालवताय का मी चालवू?" त्या दिवसापासून त्यांना मागच्या सीटवर बसवलं. तिथं आडवं होता येतं, असं सगळ्यांना सांगितलं. खरं कारण मला शांतता हवी होती.

कारखाने सुरू होते तेव्हाची गोष्ट. त्या दिवसांत आमच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकायचं आणि ट्रॉलीतून पडलेल्या उसावरून गाडी घालायची, हे कुणाला वेगळं वाटत नाही. कागलच्या अलीकडं एक अख्खी मोळी रस्त्यात आडवी पडली होती. समोरून डंपर येत होता, बाजूला घ्यायला जागा नव्हती. मी सरळ वरून घातली. खालून दाणकन आवाज आला.

"खाली कायतरी लागलंय. थांबीव, बघू." आबा म्हणाले.

"मशीनची वेळ चुकंल. आल्यावर बघतो," मी म्हटलं. आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, करतो-बघतो. आल्यावर काही मी बघितलं नाही.

पुढच्या आठवड्यापासून गाडी उभी असली की थरथरायला लागली. सिग्नलला थांबलं की हुडहुडी भरल्यासारखी हलायची आणि चढाला धापा टाकायची. पेट्रोल प्यायला लागली. समोर इंजिनचा पिवळा दिवा लागला तो विझेना. आबा मशीनवर असले की मला चार तास मोकळे असायचे, तेव्हा मी गाडी उद्यमनगरच्या एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मेकॅनिकनं स्कॅनर जोडला आणि दोन मिनिटांत निदान सांगितलं.

"ऑक्सिजन सेन्सर गेलाय मॅडम. सायलेन्सरच्या पाइपात असतोय. इंजिनात हवा जास्त का पेट्रोल जास्त, ते सांगतोय. ह्यो चुकीचं सांगाय लागलाय."

"मग बदला की."

बदलला. दिवा विझला, आणि पुढच्या बुधवारी परत लागला. तो म्हणाला, माल डुप्लिकेट आला असेल. अस्सल मागवून दुसरा बसवला. तोही आठवड्याभरात तेच सांगायला लागला, हवा जास्त, हवा जास्त. प्लग मात्र काजळीनं काळे निघत होते. हवा जास्त असती तर ते काळे कशाला होतील, हे ना त्याच्या डोक्यात आलं ना माझ्या. स्कॅनर सांगतो म्हणजे सेन्सर खराब, विषय संपला. मी दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली.

आणि त्याच आठवड्यांत आबांचं डोकं दुखायला लागलं. गाडीत बसल्यावर अर्ध्या तासात कपाळ धरायचे. मळमळायचं, कधी उलटी व्हायची. म्हणायचे, "मागं धुराचा वास येतोय. काच उघडू काय?" थंडीचे दिवस, रस्त्यावर धुराळा, आणि डॉक्टरांनी छातीला जपायला सांगितलेलं. मी माझ्या बाजूची काच बोटभर खाली ठेवायचे, कारण गाडीत पेट्रोलचा वास मला सहन व्हायचा नाही. मागच्या मात्र वर. एकदा त्यांनी हळूच हँडल फिरवून काच उतरवली, तर मी आरशातून बघून ओरडले. लहान पोराला ओरडतात तशी. त्यांनी गुपचूप काच वर केली.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, या आजारात तोंडाची चव जाते, नको ते वास येतात, मळमळतं, डोकंही दुखतं. मला हवं ते उत्तर मिळालं. "आबा, वास गाडीत न्हाय, तुमच्या नाकात हाय," मी म्हटलं आणि हसलेसुद्धा. ते हसले नाहीत.

हॉस्पिटलच्या दारात उतरून कट्ट्यावर बसले की दहा-पंधरा मिनिटांत त्यांचा चेहरा सुधारायचा. हे मी दर वेळी बघितलंय. मला वाटायचं, प्रवास संपला म्हणून बरं वाटत असेल.

मग एका शुक्रवारी जेवताना म्हणाले, "उद्या मी एसटीनं जातो. पास हाय की माझ्याकडं. तू मागनं ये गाडी घेऊन."

मी ताट सरकवलं. "लेकीच्या दारात गाडी, आणि बाप एसटीत लोंबकळत डायलिसिसला? लोक तोंडात श्याण घालतील माझ्या."

"कोण लोंबकळतंय? ड्रायव्हरच्या मागची सीट देत्यात मला. काच उघडी मिळतीया."

"न्हाय म्हणजे न्हाय."

घरचं माणूस आजारी असताना त्याला एसटीनं पाठवणं आमच्याकडं कमीपणाचं. गाडी असली की ती दिसली पाहिजे, आणि माणूस त्यातच बसलं पाहिजे. मी पण त्याच मातीची. माझ्या नाकासाठी मी त्यांच्या नाकाचं ऐकलं नाही.

ते शनिवारी आले नाहीत. बुधवारीही आले नाहीत. "मला सोसत न्हाय ते. गाडीत बसलं की मराय हुतंय," एवढंच म्हणायचे. त्यांना गाडी सोसत नव्हती, मला वाटलं त्यांनी मशीनची हाय खाल्ली. मी रडले, भांडले, जेवण सोडलं, सगळं केलं. एसटीनं चला, नाहीतर काच उघडी ठेवते, एवढं एक वाक्य मला सुचलं नाही. तिसरी पाळी चुकली तेव्हा पायांवर सूज चढली, मग पाणी छातीत गेलं. ॲम्ब्युलन्समधून नेताना त्यांनी माझा हात धरला होता, बोलता येत नव्हतं. कोल्हापूरला पोचेपर्यंत ते गेले होते.

गाडी पाच महिने दारात उभी राहिली. पावसाळ्याच्या तोंडावर एक गिऱ्हाईक आलं, म्हणालं, इंजिन अडखळतंय, हे मिसिंग काढून द्या, मग घेतो. गावातल्या एकाने उद्यमनगरच्या मागच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकचं नाव सुचवलं. त्याच्याकडे स्कॅनर नव्हता. त्याने बोनेट उघडून प्लग बघितले, वास घेतला, आणि सेन्सरच्या वायरीला मीटर लावून मला रेस करायला सांगितली.

"काटा हलतोय की. सेन्सर जिवंत हाय. कुणी बदलला?"

"दोनदा बदललाय."

त्याने कॉम्प्रेसरची नळी फडक्यात गुंडाळून सायलेन्सरच्या तोंडात कोंबली, थोडी हवा सोडली आणि साबणाचं पाणी घेऊन गाडीखाली आडवा झाला. थोड्या वेळाने मला खाली वाकायला सांगितलं. इंजिनकडून येणाऱ्या पाइपाच्या जोडावर, सेन्सरच्या अलीकडं, साबणाचा फेस भसाभसा वर येत होता. जोड फाकला होता. त्याच्या फटीत करपलेलं उसाचं पाचट अडकलं होतं. त्यानं ते दोन बोटांनी ओढून काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"हितनं बाहेरची हवा आत शिरतीया. सेन्सर म्हणतोय हवा लई हाय. खरंच सांगतोय त्यो. इंजिन त्याचं ऐकून पेट्रोल वाढवतंय आणि काळा धूर हुतोय. त्योच धूर हितनं बाहेर. सेन्सर खोटं बोलत न्हवता ताई, तुम्ही खऱ्यालाच बदलत बसला."

मग त्याने मागचं दार उघडलं, सीटखालचं मॅट उचललं. पत्रा गंजून तिथं मुठीएवढं भोक पडलं होतं. खालची जमीन दिसत होती.

"ह्यो धूर लई वाईट. माणसाला कळत न्हाय, नुसतं डोकं धरतंय, मळमळतंय. काचा बंद ठिवून मागं कोण बसत हुतं काय?"

मला पाचट टाकून देता येईना. आबांच्या किडन्या गाडीमुळं गेल्या नव्हत्या, हे मलाही कळतं. ते किती जगले असते कुणी सांगू शकत नाही. पण मशीन त्यांनी सोडलं ते गाडीपायी, मशीनचा काही दोष नव्हता. वास खरा होता. थांबीव म्हणाले तेव्हा खाली खरंच काहीतरी लागलं होतं. तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला मी आरशातून बघून ओरडले होते.

"म्हातारं माणूस वगैरे?" त्याने पुन्हा विचारलं. "आता जोड करतो, भोक पण बुजवतो. पण कोण बसत असंल तर आदी डाक्टरला दाखवा."

"न्हाय," मी म्हटलं. "आता मागं कोण बसत न्हाय."

संध्याकाळी गाडी मिळाली. आवाज नाही, थरथर नाही, चिकटपट्टी काढली तर दिवा विझलेला. गावाकडे निघायच्या आधी मी उतरून मागं गेले आणि त्यांच्या बाजूची काच हँडल फिरवून पूर्ण खाली केली.