तीन हाका, तीन ठोके

आमच्या घरात आजोबांचा फोटो नाही. भिंतीवर आहे तो त्यांच्या धाकट्या भावाचा. "नाक तेच आहे, चालवून घ्या," असं आजी म्हणायची. मी आजोबांना पाहिलेलं नाही. आई नऊ वर्षांची असताना ते होडीखाली सापडून गेले. पुढे लिहितेय ते आजीने आणि आईने सांगितलेलं आहे, आणि थोडं एका दुपारी मी स्वतः ऐकलेलं आहे.

आजोबा होड्यांच्या कारखान्यात फटी भरायचे. दोन फळ्यांच्या मधल्या फटीत डांबरात बुडवलेला कापूस लोखंडी पात्याने आणि लाकडी हातोड्याने ठोकून बसवायचा, इतकंच काम. पण त्यातली खुबी कानात असते. फट नीट भरली की ठोक्याचा आवाज टणक येतो, कुठे कमी पडलं की भसभशीत. चांगला फटीवाला आवाजावरूनच पुढे सरकतो.

आणि नेमके त्याच ठोक्यांनी त्यांचे कान गेले. आधी उजवा, तिशी उलटल्यावर डावाही. हे त्यांनी कोणालाही कळू दिलं नाही. बहिऱ्या फटीवाल्याच्या होडीत कोण बसेल? मग ते गाल फळीला टेकवून ठोकू लागले. आवाज हाडातून येतो, असं ते आजीला सांगायचे. येतही असेल. त्यांची एकही होडी गळली नव्हती.

घरात आजी त्यांच्याशी नेहमी समोर उभी राहून बोलायची. ते पाठमोरे असले की पाय आपटायची, जमीन हादरली की ते वळायचे. गावात मात्र ते शिष्ट म्हणून प्रसिद्ध. "याला हाक मारण्यापेक्षा पत्र टाकलेलं बरं," असं लोक म्हणायचे. आजोबांना ते ऐकू येत नव्हतं, आजीला येत होतं. ती गप्प बसायची.

आता कारखान्याचा नियम सांगते, कारण सगळं त्यावर आहे. तयार होडी उतारावर लाकडी टेकूंवर उभी असते. टेकू काढले की ती घसरत पाण्यात जाते. काढण्याआधी टेकूवाल्याने तीन वेळा मोठ्याने हाक द्यायची. खाली कोणी असेल तर त्याने होडीच्या पोटावर तीन ठोके मारायचे. ठोके आले नाहीत तर खाली कोणी नाही. किती सोपं. उत्तर न येणं म्हणजे माणूस नसणं, असं सगळ्यांनी एकदा ठरवून टाकलं होतं आणि त्यात काही खोट आहे असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

टेकूवाला होता आजीचा सख्खा धाकटा भाऊ. आम्ही नातवंडंही त्याला मामाच म्हणायचो.

त्या दिवशी दुपारी होडी सोडायची होती. भरती ओसरायला लागली होती, बाकीचे जेवायला गेले होते आणि मालक पार काठावर, हाक पोचणार नाही इतक्या लांब, येरझाऱ्या घालत होता. आजीच्या तर्काप्रमाणे आजोबांना होडीच्या तळाशी, कण्याजवळ एक फट हाताला मऊ लागली. बोलून दाखवली असती तर होडी एक दिवस थांबली असती. पण मग प्रश्न आला असता, ठोकताना ऐकू कसं आलं नाही? ते पातं घेऊन गुपचूप खाली शिरले. मामाने तीन हाका दिल्या. ठोके आले नाहीत. त्याने टेकू काढले.

तेराव्याच्या दिवशी मालक घरी आला. शहाणा माणूस होता, त्याला शंका आलीच होती. त्याने आजीला सरळ विचारलं, "वहिनी, त्यांचे कान ठीक होते ना?"

आजी म्हणाली, "माझी कुजबुजसुद्धा ऐकू यायची त्यांना."

का म्हणाली? तेव्हा आजोबांनी भरलेल्या तेरा होड्या समुद्रावर होत्या. आणि मेलेल्या नवऱ्याला फसवा म्हणवून घ्यायचं नव्हतं. दोन्ही कारणं खरी, पण परिणाम एकच झाला. हाका दिल्याच नाहीत, असा ठपका मामावर बसला. त्याचं काम गेलं. त्याने उरलेला जन्म बर्फाच्या कारखान्यात लाद्या ढकलल्या. लोक त्याच्या तोंडावर म्हणायचे, "मेहुण्यापेक्षा भरती प्यारी." तो आमच्याकडे यायचा, दारातल्या स्टुलावर बसायचा आणि अर्धा कप चहा पिऊन जायचा. तीस वर्षं.

मी कॉलेजातून सुट्टीला घरी आले होते तेव्हाची गोष्ट. आजी भाजी निवडत होती, मामा स्टुलावर होता. मान वर न करता ती म्हणाली, "त्यांना ऐकू येत नव्हतं. मालकाशी मी खोटं बोलले."

मी वही मिटली. मामाने कप खाली ठेवला.

"माहीत आहे, ताई. मी दाराबाहेरच उभा होतो तेव्हा."

"मग आत येऊन बोलला का नाहीस?"

"काय बोलू? भावोजी बहिरे आहेत हे मला आधीपासून माहीत होतं. नियमाची हाक द्यायचो आणि मग वाकून खाली बघायचो. दर वेळी. त्या दिवशी मालक काठावरून हात हलवून घाई करत होता. नाही वाकलो."

आजी उठली, हात धुतले आणि चपला घातल्या. "चल गं," मला म्हणाली.

कारखान्यात आता मालकाचा मुलगा बसत होता. आजीने त्याला उभ्या उभ्याच सांगितलं, "माझा नवरा बहिरा होता. माझ्या भावाने तिन्ही हाका दिल्या होत्या. तुमच्या वडिलांना मी खोटं सांगितलं." तो बिचारा गोंधळला. कोणता नवरा, कोणता भाऊ, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. "बसा ना, मावशी," एवढंच म्हणाला. बाहेर उतारावर एक टेकूवाला गुडघे टेकून होडीखाली डोकावत होता. मी विचारलं, तर म्हणाला, "वाकून बघितल्याशिवाय टेकू काढायचा नाही, असा जुना नियम आहे इथला." कोणी केला, का केला, त्याला माहीत नव्हतं.

परत आलो तर मामा तिथेच बसलेला.

"सांगून आले," आजी म्हणाली.

"काय?"

"तू हाका दिल्यास म्हणून."

"आणि वाकलो नाही, ते?"

आजीने भाजीचं ताट पुन्हा पुढ्यात ओढलं. "ते कोणी विचारलं नाही," ती म्हणाली.