मोटेत आधी कोण चढलं?

मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. वर्गात कुणी भुताखेतांचं काढलं की त्याची अशी खरडपट्टी काढायचो, की पुन्हा त्याची बिशाद नसायची. त्यामुळे अगम्य अनुभवांच्या या सदरात माझं पत्र बघून माझे जुने विद्यार्थी हसतील. हसू देत. सत्तरी ओलांडून सांगलीला विश्रामबागेतल्या घरात बसलेल्या माणसाला खोटं बोलून काय मिळणार?

महायुद्ध संपल्यानंतरचा पहिला उन्हाळा होता. मी कुंडलचा, शेतकऱ्याचा मुलगा. माझा मित्र भूपाल सांगलीतल्या जैन व्यापाऱ्याचा. कॉलेजात एका बाकावर बसायचो आणि रोज सकाळी कृष्णेत डुंबायचो. माझी थोरली बहीण म्हसवडला दिली होती. तिला भेटायला आम्ही दोघं कुंडलहून सायकलींवर निघालो. बेत साधा — ऊन चढलं की दिसेल त्या विहिरीत उडी मारायची, गार व्हायचं, पुढे निघायचं. विट्यापर्यंत तीन विहिरी झाल्या. मळेवाले हसून म्हणायचे, "पवा की, पन मोट सुटल्यावर."

मायणी मागे पडली आणि मुलूखच बदलला. नुसता खडक आणि बाभळी. बारा वाजून गेले होते, जीभ टाळ्याला चिकटली होती. रस्त्यापासून फर्लांगभर आत एक विहीर दिसली. आजूबाजूला सगळं रान पडीक, पण विहिरीत खोलवर काळंभोर पाणी होतं.

नदीवर पोहणाऱ्याला एक खोड असते. आधी उडी, मग बाकीचं. नदीला काठ असतोच ना कुठेतरी! विहिरीवरचा माणूस आधी पायऱ्या बघतो... आम्ही सायकली टाकल्या, लंगोटावर आलो आणि धडाधड मुटके मारले.

पाच मिनिटं स्वर्ग. मग भूपाल म्हणाला, "आरं, पायऱ्या कुटं हायत?"

पायऱ्या होत्या — पाण्यापासून दोन पुरुष उंचीवर संपलेल्या. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं होतं. खालचा कातळ शेवाळाने बुळबुळीत. एकमेकांच्या खांद्यावर चढायला गेलो तर खालचाच बुडायचा. ओरडलो, घसा बसेपर्यंत ओरडलो. अर्धा तास तरी गेला असेल. भूपालच्या पायात गोळे यायला लागले. कातळाच्या एका भेगेत बोटं घालून तो लोंबकळत होता, ओठ निळे पडले होते, सगळं अंग थडथडत होतं.

"गड्या, मला न्हाई जमत आता," तो म्हणाला.

आता याच्या आईला मी काय सांगू, एवढा एकच विचार माझ्या डोक्यात होता.

तेवढ्यात वर चाक कुरकुरलं. मोट खाली आली आणि ती चामड्याची पिशवी पाण्यावर आपटली. वरून एका पुरुषाचा आवाज आला, अगदी सावकाश...

"एकेकानं या रं."

वर बघितलं तर उन्हाने डोळे दिपले, कुणी दिसलं नाही. मी भूपालचे हात दोरावर नेले, त्याचा पाय माझ्या खांद्यावर घेतला आणि त्याला वर लोटलं. आत्तापर्यंत थडथडणारा तो, पण खांद्यावरचा पाय अगदी स्थिर होता. ते मला जाणवलं, पण तेव्हा विचार करायला वेळ कुणाला होता! मोट वर गेली. त्याने एकदाही खाली वळून बघितलं नाही.

मी एकटा उरलो. आणि मग माझ्या पाठीमागे, पाण्यात, कुणीतरी धापा टाकत होतं. हात मारल्याचा आवाज येत होता. मी कपाळ कातळाला टेकवलं आणि डोळे मिटून घेतले. आयुष्यात इतका कधी भ्यालो नव्हतो. वळलो नाही. हातांचा आवाज मंदावला. मग श्वास अडखळला... आणि थांबला.

पुन्हा मोट आली. मी दोराला मिठी मारली.

वर मोट रिकामी होते त्या दगडी कुंडात मी पालथा पडलो. भान आलं तेव्हा शेजारी भूपाल ओकत होता. माझ्या बऱ्याच आधी वर आलेला माणूस त्या उन्हात केव्हाच वाळला असता. पण त्याच्या केसांतून पाणी निथळत होतं.

बैल नव्हते. माणूस नव्हता. दोन लाकडी खांब उभे होते. त्यांना चाक नाही, दोर नाही. मोट ओढताना बैल ज्या उतारावरून जातात त्या धावेवर गुडघाभर वाळलं गवत, एक काडी मोडलेली नाही.

"वर आल्यावर कुनाला बगितलंस?" मी विचारलं.

"मी? आदी तू गेलास की," भूपाल म्हणाला. "तुजा पाय माज्या खांद्यावर हुता."

त्याला ऊन लागलं असं मला वाटलं. पण मग त्याने पुढचं सांगितलं. मी वर गेल्यावर त्याच्या पाठीमागे कुणीतरी धापा टाकत होतं. त्याने कपाळ कातळाला टेकवलं. वळला नाही.

सायकलींपाशी आलो तर एक मेंढपाळ उभा होता. त्याला मोटेचं विचारलं.

"ह्या हिरीवर मोट? मला कळतंय तवापासनं न्हाई बगा," तो म्हणाला. मग आमच्याकडे निरखून बघत म्हणाला, "तुमी दोगंच? मग मगाशी हितं तिसरं कोन हुतं? वल्लंचिंब... गेलं वढ्याकडं."

आम्ही म्हसवडला गेलो नाही. तसेच मागे फिरलो.

ऊन, थकवा, भास — ही सगळी उत्तरं मी स्वतःला देऊन बघितली. भासाने दोन माणसं विहिरीतून वर येत नाहीत. आधी कोण वर गेलं, कुणी ओढलं, मला आजही सांगता येत नाही.

त्यानंतर चाळीसएक वर्षं आम्ही मित्र राहिलो, पण त्या दिवसाचं नाव कुणी काढलं नाही. भूपाल अंथरुणाला खिळला तेव्हा मी भेटायला गेलो. त्याने माझा हात धरला.

"त्या हिरीत माज्या मागं तूच हुतास न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो. "आनि माज्या मागं तू."

मग त्याने विचारलं, "माजा श्वास कुटवर ऐकलास?"

त्याचा हात माझ्या हातात होता, गार आणि अगदी स्थिर.

"थोडाच," मी म्हणालो. "आनि तू माजा?"

भूपालने माझ्या चेहऱ्यावरची नजर काढली आणि भिंतीकडे तोंड केलं.

"मीबी थोडाच," तो म्हणाला.