डोमाजीची रिकामी खाट

"डोमाजी कोनाले काई करत नाई, मॅडम," असं म्हणून सुनंदाबाईंनी टोपली काखेत मारली आणि पहाटेच्या अंधुक उजेडात तलावाकडे निघाल्या. डोमाजी म्हणजे वाघ. वयात आलेला, धडधाकट नर.

मी सावली तालुक्यातल्या एका रेंजमध्ये वनक्षेत्रपाल होते. आमच्या कागदांत वाघाला नंबर असतो. गावाने मात्र त्याला आमच्याकडच्या वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीतलं नाव दिलं होतं. चित्रपट्टीतला डोमाजी दर रविवारी खाटेवर पोट वर करून झोपलेला. बायको ओरडो, घर गळो, शेवटच्या चौकटीत तो कूस बदलून म्हणणार, "उद्या पाहू नं." हा वाघही दुपारभर तलावाच्या काठाला तसाच पडायचा. नाव चिकटलंच.

मीही त्याच डोमाजीवर वाढले. बाबांच्या मांडीवर बसून तो वाचता वाचता अक्षरं शिकले. बाबा गेले त्या आठवड्यातला डोमाजीही मी वाचला, आणि हसले. त्यामुळे गावाला त्या नावाची भीती का वाटत नाही, हे मला कळत होतं. म्हणूनच राग जास्त यायचा.

मोहफुलं रात्रीतून गळतात. उशीर केला की जनावरं खातात. म्हणून बाया पहाटेच एकेकट्या जातात आणि वाकून वेचतात. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. आमचा कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा, झाडाला बांधलेला कॅमेरा. त्यात एक फोटो आला. सुनंदाबाई वाकलेल्या, आणि मागच्या झुडपात तो. झोपलेला अजिबात नव्हता. मी फोटो त्यांना दाखवला.

"पाहाले आला असन," त्या म्हणाल्या.

दवंडी दिली. दात विचकलेल्या वाघाचा बोर्ड लावला. थोड्याच दिवसांत कोणीतरी त्या वाघाखाली खाट काढली.

वरून साहेबांचा फोन आला. "ते नाव बदलून टाका."

"सर, आपण ठेवलंच कुठे होतं?"

"मग काहीतरी करा. एखादी बाई गेली तर?"

साहेबांसाठी ती एखादी बाई होती. मला सुनंदाबाईंचा चेहरा दिसत होता.

शेवटी ब्रह्मपुरीला गेले, डोमाजी काढणाऱ्या गुरुजींकडे. निवृत्त ड्रॉइंग मास्तर. म्हटलं, "गुरुजी, एकदा तरी डोमाजी रागावलेला काढा. दात दाखवू द्या."

"थे नाई जमत, बाई. डोमाजी रागावला त लोकं हासतीन. मी बी हासन."

मग तेच मला विचारायला लागले. वाघ उठते कवा? जाते कुठी? उठला त तुमाले समजते का?

"नाही समजत," मी म्हणाले. "त्याचीच तर भीती आहे."

"मंग दातायचं काऊन सांगून राह्यल्या?"

 चहा पिऊन परत आले.

त्या रविवारी चारही चौकटींत फक्त खाट होती. रिकामी. उशी खाली पडलेली. शेवटी "उद्या पाहू नं" नव्हतं. टपरीवर, बसमध्ये, बाजारात दिवसभर एकच विषय. डोमाजी गेला कुठे?

दुसऱ्या पहाटे सुनंदाबाई माझ्या क्वार्टरच्या फाटकाशी उभ्या. मागे आणखी बाया, हातात टोपल्या.

"मॅडम, डोमाजी कुठी हाय?"

हंगाम सुरू झाल्यापासून मी घसा फोडत होते तो हाच एक प्रश्न कोणाला तरी पडावा म्हणून.

"माहीत नाही," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं.

"मंग थांबतो आमी," म्हणून त्या ओट्यावर टेकल्या. मला तर रडू यायचं बाकी होतं.

उजाडल्यावर गार्ड पगमार्क, म्हणजे वाघाच्या पायांचे ठसे, पाहून आला. मग बाया मिळून, मोठ्याने बोलत गेल्या. पुढे रोज तसंच. मोहफुलं थोडी कमी मिळाली. माणूस एकही गेलं नाही. पावसाळ्याआधी वाघ वैनगंगेकडे निघून गेला. चित्रपट्टीतला डोमाजी तर रिकाम्या खाटेनंतरच्या रविवारीच परत येऊन झोपला होता.

आता गुरुजी नाहीत, चित्रपट्टीही बंद झाली. पण आमच्याकडे वायरलेसवर अजून निरोप येतो, "खाट रिकामी." म्हणजे वाघ उठलाय, बायांना थांबवा. नव्या गार्डांना विचारलं, हे शब्द आले कुठून? त्यांना माहीत नाही. डोमाजी कोण, तेही माहीत नाही.

बोर्डावरच्या वाघाचे दात आम्ही दरवर्षी नव्याने रंगवतो. त्याला बजेट असतं. बाया थांबतात त्या मात्र रिकाम्या खाटेला.