बाईंनी हात आवरला

शब्द ज्याचे रूप आणि आमच्या चुकाही ज्याच्या पोटात सामावतात, त्या दयाघनाला आधी वंदन. मग इतिहास शिकवणाऱ्या बाईंना. बाई प्रेमळ, बाई अभ्यासू, आणि चुकलेले वाक्य दिसले की बाईंचा जीव कासावीस.

त्यांनी सातवीच्या वर्गासाठी विकी सुरू केला. संगणकावरचे सामायिक पान. कोणीही लिहावे, कोणीही सुधारावे, मात्र प्रत्येक बदलापाशी आपले नाव आणि कारण द्यावे. विषय, आपल्या शाळेचा इतिहास. मुख्याध्यापकांनी तोंड वाकडे करूनच परवानगी दिली. सत्र संपेपर्यंत मुले स्वतः लिहू लागली तर ठीक, नाही तर ही तासिका गणिताला.

मुले लिहीत. संध्याकाळी बाई घरी बसून ते नीट करत. नीट करता करता पान असे शुद्ध, असे निर्मळ झाले, की त्यात मुलांचे एक अक्षरही उरले नाही. मुलांनी लिहिणे सोडले. बाई अधिक कष्ट करू लागल्या.

मुख्याध्यापकांनी बदलांची नोंद उघडली. वरपासून खालपर्यंत एकच नाव.

"पान उत्तम आहे," ते म्हणाले. "विद्यार्थिनी हुशार दिसते."

घरी बाईंनी हे यजमानांच्या कानावर घातले. त्यांनी पेपर खाली न ठेवताच विचारले, "अगं, मी भाजी ढवळायला घेतली की तू मला ओट्यापाशी किती वेळ उभं राहू देतेस? म्हणून तर मी पेपर वाचतो."

त्या रात्रीही भाजी बाईंनीच ढवळली. सकाळी मात्र वर्गाला सांगितले, की यापुढे आपण पानाला हात लावणार नाही.

पुढे त्यांनी जे सोसले ते तपच. खिडक्यांच्या गजांवरून एकाने शाळेला जुना तुरुंग ठरवले. बाई हात मांडीखाली दाबून बसल्या. दुसरीने शिपाईमामांना गाठले, धान्याचे गोदाम होते असे कळले, तुरुंग गेला. वर्गात भांडणे लागली. पान वाढू लागले.

मग मुख्याध्यापकांनीच एक वाक्य घातले, की वाचनालय त्यांच्या कुशल नेतृत्वाखाली उभे राहिले. सकाळी ते गायब. कारण दिले होते, पुरावा नाही. खाली नाव पहिल्या बाकावरच्या अबोल मुलीचे. एक कळ दाबली की वाक्य परत, तासिका सुरक्षित. बाईंनी संगणक बंद केला.

बोलावणे आलेच.

"तुम्ही परत घालणार का?"

"नाही सर. तुम्ही घालू शकता. कारण द्यावं लागेल."

मुख्याध्यापकांनी शिपाईमामांकडून जुन्या कपाटाची किल्ली मागवली. दुपारी वाचनालयाच्या उद्घाटनाचा फोटो मिळाला. फीत कापत होते आधीचे मुख्याध्यापक. हे मागे तबक धरून उभे. त्यांनी स्वतःच्या नावाने पानावर खरे ते लिहिले आणि कारण दिले, फोटो सापडला. गणिताला त्यांनी दुसरी तासिका शोधली.

भगवंता, या बाईंना उदंड आयुष्य दे. यजमानांना आरोग्य दे, घराला सुख दे, आणि त्यांच्या वर्गात रोज कोणी तरी कोणाला तरी कारण विचारत राहो.